हिरव्या दगडाची चिठ्ठी

३ फेब्रुवारी

चिमे,

आशीर्वाद लिहावा की नको, यातच अर्धा चहा गार झाला. लिहितो. नको असेल तर कापून टाक.

फोन मी उचलला की तू "आईला द्या" म्हणतेस आणि मी देतो. एकोणीस वर्षं असंच चाललंय, त्याबद्दल तक्रार नाही. पण परवा जे झालं ते तुझ्या आईमार्फत बोलण्यासारखं नाही, म्हणून कागद घेतला. चौथी शिकलेल्याचं अक्षर आहे, सांभाळून वाच.

संग्रहालयाचे साहेब आले होते. आमची इमारत पाडणार आहेत, मार्चअखेर घर रिकामं करायचंय, हे आईनं सांगितलंच असेल. तुझ्या मावशीच्या शेजारी दोन खोल्या मिळाल्यात. त्यात आईचं शिवणयंत्र बसेल, माझी दगडांची सात कपाटं बसणार नाहीत. साहेब म्हणाले, तीनशे बारा दगड एकत्रच घेऊ, एक अख्खी खोली देऊ. मला दोन रात्री झोप नाही. उचलताना कोण पाडेल, गाडीत काय हादरेल, याच विचारात होतो.

माणूस चांगला आहे, पण येताना कापूस घेऊन आला. मी विचारलं, "हा कशाला?" म्हणाले, "गुंडाळायला." आता सुईसारख्या बारीक स्फटिकांच्या गुच्छाला कापूस लावतात का? कापूस सुयांत अडकतो, काढायला गेलं की सुया कापसाबरोबर येतात. मी तो तुझ्या आईकडे दिला, तिनं उशीत भरला.

मग त्यांनी विचारलं, "आजोबा, कुठला दगड ठेवायचा आणि कुठला टाकायचा, हे तुम्ही ठरवता कसं?" शिकलेला माणूस मला विचारतोय म्हटल्यावर मी पण सांगितलं. आधी टोकं बघायची. स्फटिकाच्या टोकाचा टवका उडाला असला की तो कितीही मोठा असो, नजर जाऊन त्या टवक्यावरच बसते. मग चमक. ओली वाटली पाहिजे, पण हात लावला तर कोरडी. मग बघायचं की स्फटिक स्वतःच्या आईदगडावर उभा आहे का. आईदगडावरून तोडून काढलेला सुटा स्फटिक म्हणजे फुलदाणीतलं फूल, त्याचं झाड कुठलं ते कळत नाही. आणि सगळ्यात शेवटी चिठ्ठी. कुठे निघाला, किती खोल, कोणाच्या हातानं. चिठ्ठी नसेल तर तो नुसता देखणा अनाथ.

शेवटी हिरवा काढला. साहेब बोलायचे थांबले. तुला आठवत असेल. खाली पीचच्या रंगाचे स्टिल्बाइटच्या स्फटिकांचे पंखे, आणि त्यांच्या मधोमध तो हिरवा, मुठीएवढा, चारही कडा शाबूत, आत दिवा लावल्यासारखा. साहेबांनी त्याला अपोफिलाइट म्हटलं. तूही म्हणायचीस. त्यांनी माझी चिठ्ठी वाचली आणि पिशवीतून एक मासिक काढलं. त्यात तुझा लेख. त्यांनी मला एक ओळ वाचून दाखवली. "या नमुन्याच्या उगमस्थानाची नोंद विश्वासार्ह नाही." खाली तुझं नाव.

म्हणजे बाप खोटारडा, हे तू छापून आणलंस.

साहेब म्हणाले, एका चिठ्ठीवर संशय असला तर बाकी तीनशे अकरांवरही येतो. तुमच्या मुलीनंच येऊन सगळं तपासलं आणि सही केली तर आमच्या वरिष्ठांना पटेल. मी म्हटलं, तिच्या सहीवाचून माझं काही अडलेलं नाही.

हिरवा पिठाच्या गिरणीमागच्या विहिरीतून निघाला. बेचाळीस फुटांवर. तसं चिठ्ठीवर आहे आणि तसंच राहील.

बाबा


११ फेब्रुवारी

चिमे,

आठ दिवस झाले. पत्र पोचलं की नाही? मी दोन तिकिटं जास्तीची लावली होती. पोस्टातल्या बाईनं विचारलं, "काका, एवढी कशाला?" मी म्हटलं, "असू द्या, जड आहे." तिनं तोलून दाखवलं. जड नव्हतं.

तुझा राग आहे तर असू दे. पण चिठ्ठ्यांबद्दल बोलायचा हक्क मला आहे. खाणीत अठ्ठावीस वर्षं पहार धरली. सुट्टीच्या दिवशी विहिरी खोदल्या. दगडात पोकळी लागली की बाकीचे हातोडा मारून पुढे जायचे, मी आधी हात घालून बघायचो. आत काही लागलं की डब्यात चार ओळी लिहिलेला कागद टाकायचो. जेवणाच्या डब्यात. त्यामुळे कित्येक चिठ्ठ्यांवर तेलाचे डाग आहेत. तुला आठवतात का ते दातांचे डॉक्टर, दगड जमवणारे? दगडामागं बघायला दातांचा आरसा घेऊन यायचे. ते म्हणायचे, तुमच्या दगडापेक्षा मला तुमचे डाग आवडतात, हे कोणी मागाहून लिहिलेलं नाही हे डागच सांगतात. त्यांनी तीनदा हिरवा मागितला. मी तीनदा त्यांना चहा पाजून परत पाठवलं.

तीनशे अकरा चिठ्ठ्या खऱ्या आहेत. तिथल्या तिथे लिहिलेल्या. कुठलीही उचल, त्या जागी जा, खण. जुळेल.

हे लिहीत होतो तर तुझी आई मागून वाचत होती. म्हणाली, "तीनशे अकरा म्हणालात."

"मग?"

"दगड तीनशे बारा आहेत."

"तीनशे बाराव्याबद्दल लेखात आलंच आहे, परत कशाला लिहू?"

"तुमचं तुम्हाला माहीत," म्हणाली आणि पुन्हा यंत्रावर जाऊन बसली. तिचं यंत्र मुद्दाम मोठ्यानं चालतं. कपाटं हादरतात. सांगितलं तर म्हणते, "मी आहे म्हणून निदान ती हलतात तरी."

तू त्या विहिरीबद्दल मनात धरून आहेस, हे मला कळतं. एकोणीस वर्षांपूर्वी तुझे सर, तुम्ही दोन मुली, एक तंबू. गिरणीवाल्याची परवानगी मीच काढून दिली होती. चार दिवस पाणी उपसलं, तुम्ही खाली उतरून खणलंत, आणि लागला तो नुसता काळा घट्ट दगड. एक पोकळी नाही, एक स्फटिक नाही. गिरणीत दळण घेऊन येणारे वाकून बघून हसायचे. तुझे सर निघताना माझ्याशी बोलले नाहीत. तुझा प्रबंध त्याच चिठ्ठीवर उभा होता, तो त्यांनी परत केला. हे मला तेव्हा तुझ्या आईनं सांगितलं होतं. मला काही कळत नाही असं समजू नकोस.

पण दगड असतो तिथे असतो आणि नसतो तिथे नसतो. एका विहिरीत एकच पोकळी असू शकते. मी तेव्हाही हेच म्हटलं होतं.

उत्तर पाठव. नाही तर नको पाठवू. पण पत्र पोचलं एवढं तरी कळव.

बाबा


२० फेब्रुवारी

चिमे,

तुझं पत्र आलं. एकच ओळ. "खरी जागा कळवा, बाकी काही नको."

मी ते तीनदा दुमडलं आणि तीनदा उघडलं. मागच्या बाजूला काही असेल असं वाटलं.

बरं. ऐक मग. आणि हे नीट वाच, कारण मी माफी मागायला लिहीत नाहीये.

हिरवा विहिरीतला नाही. खाणीतला आहे, उत्तरेकडच्या भिंतीतला. आणि तो मला सापडला नाही. सुतळीला सापडला.

सुतळीकाका तुला माहीत आहे. माझ्याबरोबर पहार धरायचा, इतका बारीक की कामावरचे सगळे त्याला सुतळी म्हणायचे. तू लहान असताना तुला खांद्यावर घ्यायचा आणि तुझी आई ओरडायची की पोरगी नाही, तोच पडेल. त्या दिवशी भिंतीच्या दुसऱ्या टप्प्यावर त्याच्या पहारीला पोकळी लागली. त्यानं आत बघितलं आणि मला हाक मारली. "ये रे, देवानं आत दुकान मांडलंय." मी बघितलं. त्याआधी पंधरा वर्षं मी दगडच बघत होतो, पण असं काही बघितलं नव्हतं. तेवढ्यात मुकादमानं त्याला खाली बोलावलं. सुतळी म्हणाला, "संध्याकाळी दलाल येतो, त्याला दाखवू."

दगड विकत घेणारा तो दलाल काय करायचा ते तुला माहीत नाही. आईदगडावर एकाहून जास्त स्फटिक असले की छिन्नीनं तोडायचा, कारण चार सुटे दगड एकापेक्षा लवकर खपतात. त्यानं हिरव्याला पंख्यांवरून उपटला असता. त्याच्या सायकलच्या पिशवीत मी हे किती वेळा बघितलंय. नुसते तुकडे, आईवेगळे.

म्हणून मी तो काढला. सुतळी खाली होता तेवढ्या वेळात. आईदगडासकट, चारही बाजूंनी छिन्नी फिरवून, एक कडाही न दुखवता. जेवणाचा डबा रिकामा केला, त्यात ठेवला, वर भाकरीचं फडकं. सुतळी वर आला तेव्हा मी म्हटलं, मी हात घातला तर आतलं सगळं चुरा झालं. तो पोकळीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "चल, कामाला लाग."

पुढच्या आठवड्यात गिरणीमागच्या विहिरीचं काम मी एकट्यानं घेतलं होतं. चिठ्ठीवर तीच जागा लिहिली. बेचाळीस फूट. म्हणजे सुतळीनं कधी आमच्या घरी तो बघितला तरी हा विहिरीतला असं मला सांगता यावं.

मी तो वाचवला. हे मी आजही म्हणतो. तो दलालाच्या हाती गेला असता तर आज संग्रहालयाच्या साहेबांना बोलायचं थांबवणारं काही उरलं नसतं.

हे तुझ्या आईला वाचून दाखवलं. मला वाटलं रडेल. ती दोरा ओवत होती, ओवून झाल्यावर म्हणाली, "वाचवला म्हणे. मग त्याला तेव्हाच का नाही सांगितलंत? की वाचवला, दलालाला देऊ नको, दोघांचा म्हणून ठेवू?"

मी म्हटलं, "त्यानं ऐकलं नसतं."

"विचारलं होतंत?"

याचं उत्तर तुझ्याकडे असलं तर कळव.

बाबा


२ मार्च

चिमे,

मी सुतळीकडे जाऊन आलो. मला कोणी पाठवलं नाही. तुझ्या आईनं फक्त माझा धुतलेला सदरा काढून खुर्चीवर ठेवला होता, पण ती ठेवतच असते.

हिरवा बरोबर नेला. लाकडी खोक्यात, मऊ कागदात, मांडीवर धरून. बसमध्ये शेजारच्या बाईनं विचारलं, "केक का हो?" मी हो म्हटलं. नाही म्हटलं असतं तर उघडून दाखवावा लागला असता.

सुतळी आता मुलाकडे राहतो, वरच्या मजल्यावर. आणखी बारीक झालाय, ऐकायला कमी येतं. मी म्हटलं, "तुला एक दाखवायचंय." तो म्हणाला, "बस आधी. धाप लागलीय तुला. मरायचं असेल तर तुझ्या घरी जाऊन मर, सूनबाईला त्रास नको."

मी खोकं उघडलं. त्यानं चष्मा काढला, पुसला, घातला. मी बसमध्ये जे जुळवून ठेवलं होतं ते सगळं बोलायला लागलो. दलाल, तुकडे, आईदगड. त्यानं हात वर केला.

"लेका, मला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"पोकळीत ताजी जखम होती. चारही बाजूंनी छिन्नीच्या खुणा. तुझी छिन्नी डाव्या कोपऱ्यात बोथट होती, तू कधी धार लावायचा नाहीस. चुरा झालेल्या दगडाला कोणी चारही बाजूंनी छिन्नी मारतं का?"

मी म्हटलं, "मग बोलला का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून थांबलो. मग थांबायचीच सवय झाली."

त्याची सून पाणी घेऊन आली, दगड बघून "अय्या" म्हणाली आणि बोट लावायला निघाली. आम्ही दोघंही एकदमच ओरडलो, "हात नको." ती दचकली. सुतळी हसला. मलाही थोडं हसू आलं, मग आवरलं.

मग त्यानं तुझा विषय काढला. चिमे, हे मी लिहिलं नाही तर कोणी लिहिणार नाही. विहिरीवर त्या चार दिवसांत पंपावर तोच होता, हे तुला आठवत असेल. पंप दोनदा बंद पडला होता ना? तुम्ही सगळे वर येऊन सावलीत बसलात आणि तो तासभर खटपट करत होता. तो म्हणाला, "पंपाला काही झालं नव्हतं. मीच बंद पाडला. म्हटलं, आवाज थांबला की हा पोरीजवळ जाऊन बोलेल. दोनदा संधी दिली तुला. तू काय केलंस? चहा वाटत फिरलास."

खरं आहे. मी चहा वाटत फिरलो. तो तिथे होता म्हणून मला बोलता येत नव्हतं. त्याच्यासमोर विहीर खोटी म्हटलं असतं तर हिरवा कुठला, हेही सांगावं लागलं असतं. आणि तो बिचारा मी बोलावं म्हणूनच पंप बंद पाडत होता.

मी म्हटलं, "हा तुझा आहे, घे."

"कुठे ठेवू? नातवंडं गच्चीवरून फेकतील. तुझ्याकडे एवढी वर्षं नीट राहिला, तिकडेच बरा आहे. दलालाबद्दल तू म्हणतोस ते खोटं नाही, मी दिलाच असता." आणि मग, माझ्याकडे न बघता, "चिठ्ठीवर माझं नाव घाल. पूर्ण. बापाच्या नावासकट. आणि पोरीला जागा सांग."

पत्रात चूक असेल तर माफ कर, आल्या आल्या लिहायला बसलोय. दगड बसमधून परत आणला, कुठे टवका उडाला नाही.

बाबा


९ मार्च

चिमे,

साहेब काल पुन्हा आले होते. मी हिरव्याची नवी चिठ्ठी लिहून ठेवली होती, जुनी तिच्याखाली टाचणीनं लावली. जुनी चिठ्ठी कधी फेकायची नसते, खोटी असली तरी. त्यांनी नवी वाचली. "खाण, उत्तरेची भिंत, दुसरा टप्पा. तांबड्या मातीच्या पट्ट्याच्या वर तीन पुरुष उंचीवर." खाली सुतळीचं पूर्ण नाव, "याला सापडला." आणि त्याच्याखाली माझं नाव, "यानं चोरला आणि खोटी जागा लिहिली."

साहेब म्हणाले, "आजोबा, शेवटची ओळ काढू या. शाळेची मुलं येतात."

"मुलांनी वाचलेलं बरंच."

"चोरला असं लिहिलं तर लोक म्हणतील बाकीचेही चोरलेले."

"ज्यानं एक चोरी स्वतःहून लिहून दिली त्याच्या बाकीच्या चिठ्ठ्या मानायच्या की नाही, ते लोकांनी ठरवावं. ओळ राहणार. ओळ जाणार असेल तर तीनशे बाराही दगड इथेच राहतील, आणि एकतीस तारखेला इमारतीबरोबर पडतील."

तुझी आई दारात उभी होती. साहेब तिच्याकडे बघून म्हणाले, "काकू, तुम्ही तरी सांगा." ती म्हणाली, "आयुष्यात पहिल्यांदा खरं बोलतोय हा माणूस, मी कशाला मधे पडू?" एरवी मला अहोजाहो करणारी बाई. साहेब वरिष्ठांना विचारतो म्हणून गेले. तू सही केलीस तर ओळीसकट घेऊ, असं आज सकाळी त्यांनी फोनवर सांगितलं. मी तुला सही मागत नाही. जे खरं नसेल त्याच्यावर करूच नकोस. येऊन तपास. प्रत्येक जागी जा. पहारीला माझे हात आता चालत नाहीत, पण भिंत दाखवता येईल.

खाण बंद होऊन बरीच वर्षं झाली. भिंत अजून आहे. पुढे टायरची गोदामं झालीत. मी आणि सुतळी शनिवारी जाऊन आलो. पहारेकरी आत सोडत नव्हता, सुतळीनं त्याला सांगितलं की आम्ही इथे हगायला यायचो तेव्हा तू जन्मलाही नव्हतास. त्यानं सोडलं. पोकळी वर आहे, खालून दिसते. आम्हा दोघांना चढता येणं शक्य नव्हतं. पण खाली त्याच थरातले ढासळलेले दगड पडलेत. त्यातला एक तुकडा वेगळ्या डब्यातून पाठवतो आहे. हिरव्याच्या आईदगडाचा थोडा कपचा त्याच्यासोबत आहे, मागच्या बाजूनं काढला, दिसणार नाही असा. काचेखाली धरून दोन्ही जुळवून बघ. माझ्या शब्दावर जाऊ नकोस.

तुझी आई म्हणते, माफी माग. मी मागत नाही. तुझी एकोणीस वर्षं माझ्या एका शब्दानं परत येत असती तर मागितली असती. येत नाहीत. मग नुसता माझाच जीव हलका करायला तुझ्याकडून का घ्यायची? पण एक गोष्ट तुझी माझ्याकडे राहिली आहे, ती देतो.

तिसऱ्या दिवशी दुपारी तू विहिरीच्या तळातून वर बघितलंस. तोंडावर सगळा चिखल. म्हणालीस, "बाबा, हा दगडच वेगळा आहे. यात पोकळी येऊच शकत नाही. हिरवा इथला नाही." तुझे सर काठावर माझ्या शेजारी उभे होते. ते माझ्याकडे बघायला लागले. मी खाली वाकून तुला म्हटलं, "तुला काय कळतंय त्यातलं? अजून तीन फूट जा."

तू गेलीस. बापावर विश्वास ठेवून अजून तीन फूट गेलीस, आणि सरांना वाटलं पोरीला दगड वाचता येत नाही.

तुला येत होता. तिथे उभ्या असलेल्या सगळ्यांत फक्त तुलाच येत होता, आणि ते मला त्याच क्षणी कळलं होतं. हे तुझ्या सरांना, मासिकवाल्यांना, कोणालाही दाखव. खाली माझी सही आहे, नीट केली आहे.

तुझा बाप